आपल्या टीमला खरंच उंच पोरं पाहिजेत, का आपलंच काहीतरी चुकतंय? (बास्केटबॉल)

भुसावळी_गार्ड | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. आत्ताच नाशिकहून परत आलोय. पोरं गाडीत झोपली होती आणि मी दरवाजात उभा राहून मनमाडपासून हाच विचार करत होतो म्हणून इथे टाकतोय. सलग तिसऱ्या वर्षी सेमीफायनलला हरलो. या वेळी ११ पॉइंटनी. आपली टीम म्हणजे सगळ्यात उंच पोरगा ५ फूट ११, तो पण बूट घालून, बाकी सगळे ५-७, ५-८. समोरच्यांकडे दोन ६-३ वाले आणि एक ६-५ चा. तो ६-५ वाला काही फार भारी खेळत नाही हो, हात वर करून डी मध्ये (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) उभा राहतो बस, पण आपला पोरगा आत घुसला की लेअप (पळत येऊन रिंगपाशी टाकायचा शॉट) मारायच्या ऐवजी हवेतच विचार करायला लागतो आणि मग बॉल कुठेतरी फेकून देतो.

माझी पुतणी बेंचमागे बसून वहीच्या मागच्या पानावर रिबाउंडच्या, म्हणजे चुकलेला शॉट कोणी पकडला त्याच्या, रेघा मारत होती. आपले २२, त्यांचे ४३.

मॅच संपल्यावर एका ओळखीच्या सरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, पोरं गुणी आहेत रे, पण हाईट आण. आता हाईट काय गोलाणी मार्केटला मिळते का? गेली चार वर्षं हीच पोरं पहाटे साडेपाचला उठून येतात, मे महिन्यात पण. त्यांना काय सांगू, तुम्ही कमी वाढलात म्हणून?

तर प्रश्न असा, की नुसतं भाग घ्यायला नाही तर जिंकायला जायचं असेल तर उंच आणि ताकदवान पोरं शोधायचीच लागतात का? का याच पोरांबरोबर काही होऊ शकतं? मॅचचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, ज्याला बघायचा त्यानी बघा.

जुना_सेंटर | सोमवार, सकाळी ६:०५

तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका. मी ६ फूट २, रेल्वेच्या ग्राउंडवर पंधरा वर्षं पोस्टला, म्हणजे रिंगपाशी, खेळलो, आणि मला कधी कोणी विचारलं नाही की तुला ड्रिबल येतो का. रिंग ३.०५ मीटरवर आहे, ती काही कोणासाठी खाली येत नाही. ५-८ चा पोरगा हात वर करून जेमतेम २ मीटर ३० पर्यंत पोचतो, पुढची पाऊण मीटर त्याला उडायचंय, आणि दर वेळी उडायचंय, चौथ्या क्वार्टरला पण. ६-५ वाला टाचा उचलतो, झालं त्याचं काम.

अमेरिकेचं बघा. २०२३ च्या वर्ल्डकपला छोटी टीम घेऊन गेले, लिथुआनियाने ११०-१०४ हरवलं, रिबाउंड ४३ ला २७. तुमच्या पुतणीच्या वहीसारखंच. मग २०२४ ला पॅरिसला एम्बीड, डेव्हिस, अडेबायो असे तीन तीन मोठे घेऊन गेले आणि गोल्ड घेऊन आले. अजून काय पुरावा पाहिजे.

शून्य_टर्नओव्हर | सोमवार, सकाळी ९:४०

मी मूळ पारोळ्याचा, सध्या पुण्यात. काका, लिथुआनियाचं अर्धंच सांगितलंत. त्या मॅचला त्यांचे पहिले नऊच्या नऊ थ्री पॉइंट (लांबच्या लाईनबाहेरून मारलेले शॉट) पडले होते. नऊपैकी नऊ! समोर एव्हरेस्ट उभा केला असता तरी ते पडलेच असते. आणि पॅरिसला सर्बियाविरुद्ध सेमीफायनल हातातून गेली होती ती कोणी ओढून आणली? ६-२ च्या करीनी, ३६ पॉइंट मारून. फायनलला परत त्याचेच आठ थ्री, समोर फ्रान्सचा ताडमाड वेम्बान्यामा होता तरी.

अजून एक. २०१५ ची एनबीएची (अमेरिकेतल्या लीगची) फायनल, वॉरियर्स क्लीव्हलँडच्या मागे २-१. गेम ४ ला कोचनी ७ फुटी बोगटला बसवला आणि इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं, सेंटरला, म्हणजे रिंगपाशी, ६-६ चा ड्रेमंड ग्रीन. समोर मोझगोव्ह ७-१. मोझगोव्हनी २८ मारले त्या मॅचला, आणि क्लीव्हलँड २१ नी हरलं. मोठ्याला हवं तेवढं मारू दे, आपण पळत राहू, हा हिशोब. पुढच्या दोन्ही मॅच पण जिंकले.

पण भुसावळी, तू दोन गोष्टी एकाच पिशवीत भरतोयस. हाईट वेगळी, ॲथलेटिक असणं वेगळं. जोकिच ६-११ आहे पण तो उडतो तेव्हा पायाखालून शेवेचं पाकीट सरकवता येणार नाही. २०१४ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडूंच्या निवडीत) ४१ व्या नंबरवर निवडला होता त्याला, आणि २०२३ ला डेन्व्हरला चॅम्पियन करून फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. उलट ड्रेमंड दिसतो ६-६, पण हात पसरले की ७ फूट १. म्हणजे हाईट मोजताना नेमकं काय मोजायचं हाच घोळ आहे.

आणि नुसते रिबाउंड काय सांगतो? टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) किती? फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) किती मारले, किती पडले? शूटिंग काय? या चार गोष्टी असतात, त्यात शूटिंगचं वजन सगळ्यात जास्त, मग टर्नओव्हर, रिबाउंड तिसरा येतो. आणि एक लक्षात घे, समोरच्याचा डिफेन्सिव्ह रिबाउंड म्हणजे आपला चुकलेला शॉट. आपण जास्त चुकलो की त्यांचे रिबाउंड आपोआप वाढतात.

निंबू_शेव | सोमवार, सकाळी १०:१५

शेवेच्या पाकिटाचा उल्लेख आल्यामुळे हजेरी लावतोय. बाकी चालू द्या, मी बसलोय.

जुना_सेंटर | सोमवार, दुपारी १:३०

२०१५ सांगितलं, २०१६ का नाही सांगत? त्याच वॉरियर्सचा तोच बोगट गेम ५ ला गुडघा धरून बाहेर गेला आणि ३-१ नी पुढे असलेली टीम हरली. आत कोणी उरलंच नव्हतं रिंगपाशी. माणूस असतो तेव्हा त्याची किंमत कळत नाही.

अमळनेरची_पीटी | सोमवार, रात्री ९:५०

व्हिडिओ पूर्ण बघितला. दोनदा. पहिल्यांदा स्वयंपाक करताना, दुसऱ्यांदा वही घेऊन.

तिसरा क्वार्टर, ६:१२ बाकी असताना थांबवा. त्यांच्या गार्डनी उजव्या कॉर्नरमधून शॉट मारलाय, बॉल हवेत आहे. आता आपली पाच पोरं बघा. पाचही जणांची मान वर. टाचा जमिनीला. हात मांडीपाशी. एकाचीही पाठ कोणाच्या छातीला लागलेली नाही. ८ नंबरवाला तर अक्षरशः आकाशात विमान बघतात तसा बघतोय. आणि बॉल पडला कुठे? डावीकडे, रिंगपासून चार-पाच फुटावर, जमिनीवर टप्पा पडून मग त्यांच्या ६-३ वाल्यानी उचललाय. टप्पा पडून! याला कसली हाईट लागते हो? माझी चौदा वर्षाखालची मुलगी उचलेल तो बॉल.

असे मी सात मोजले. सात वेळा बॉल खाली पडला आणि आपली पोरं वर बघत होती. उरलेल्यांत हाईटचे होते, ते मान्य, ते आपल्याला मिळणारच नव्हते. पण ११ नी हरलात ना? सात बॉल म्हणजे दुसऱ्यांदा मारायचे सात चान्स तुम्ही त्यांना हातात दिलेत.

कॉर्नरचा शॉट चुकला की बहुतेक वेळा समोरच्या बाजूला जातो, लांबचा शॉट लांब उडतो, हे पोरांना कोणी सांगितलंय का? रॉडमन ६-७ चा होता, सलग सात वर्षं एनबीएत रिबाउंडला पहिला. वॉर्मअप चालू असताना तो टीममेटचे शॉट बघत उभा राहायचा, कोणाचा बॉल हवेत किती फिरतो ते मोजायला. उडी होतीच त्याची, पण आधी अभ्यास होता.

आणि छोट्या टीमचं बघायचं तर एनबीए कशाला, जपानच्या मुली बघा. टोकियो ऑलिम्पिक, सिल्व्हर. त्यांची सगळ्यात उंच खेळाडू, १९३ सेंटिमीटरची, दुखापतीमुळे टीममध्येच नव्हती. सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध त्यांच्या १६२ सेंटिमीटरच्या गार्डनी, माचिदानी, १८ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते) दिल्या. १६२ म्हणजे माझ्याएवढीच. पाचही जणी बाहेर पसरून उभ्या राहायच्या, पाचही जणी थ्री मारायच्या, म्हणजे समोरच्या उंच बाईला डी सोडून बाहेर यावंच लागायचं. तुमच्या त्या ६-५ वाल्याला पूर्ण मॅचमध्ये एकदा तरी कोणी डी च्या बाहेर काढलं का?

धुळेकर_भो | सोमवार, रात्री १०:३०

बठ्ठा उंची उंची करी ऱ्हायनात. मना आज्जा पाच फूटना व्हता, पन आंबाना झाडवरना एक आंबा दुसराले सापडू दे नही. कारन काय, आंबा पडाना आधीच तो झाडखाले जाईसन उभा ऱ्हाये.

अमळनेरची_पीटी | सोमवार, रात्री १०:३४

यालाच बॉक्स आउट म्हणतात भाऊ. तुमच्या आजोबांना पाठवा भुसावळला.

जुना_सेंटर | मंगळवार, सकाळी ६:१०

ताई, तुमचं निरीक्षण पक्कं आहे, ६:१२ ला मी पण थांबवून बघितलं, लाज वाटली. पण जपानच्या मुली फायनलला कोणाकडून हरल्या तेही सांगा. अमेरिकेकडून, ९०-७५. आणि ६ फूट ९ च्या ग्रायनरनी एकटीने ३० मारले. धागाकर्त्यानी विचारलंय जिंकायला काय लागतं. छोटी टीम सेमीफायनलपर्यंत येते, फायनलला येते, लोक टाळ्या वाजवतात. कप मोठे घेऊन जातात.

भुसावळी_गार्ड | मंगळवार, रात्री ११:००

ताई, खरं सांगू का, वाचून आधी राग आला. मग व्हिडिओ लावला. मग पोरांना दाखवला. ८ नंबरवाला स्वतःला बघून एवढा हसला की त्याला ठसका लागला, पण नंतर गप्प झाला.

@शून्य, टर्नओव्हर २४. फ्री थ्रो १९ मारले, ९ पडले. म्हणजे हरलो ११ नी आणि फुकटचे दहा तिथेच सोडले. हे मी मॅच संपल्यावर मोजलंच नव्हतं, मी पण त्या ६-५ वाल्याकडेच बघत बसलो होतो.

डी च्या बाहेर काढायचं म्हणाल तर त्यासाठी शूटर पाहिजे. थ्रीची लाईन ६.७५ मीटरवर. आमच्याकडे एकच पोरगा तिथून भरवशानी मारतो. आमचं ग्राउंड उघडं, सिमेंटचं, एका रिंगला जाळी नाही, आणि संध्याकाळी हवा सुटली की थ्री मारणं म्हणजे लॉटरीच. म्हणून पोरं लहानपणापासून आत घुसायलाच शिकली. हा बहाणा नाहीये, पण कारण आहे.

दुसरं, उडी वाढवायला मी दोन वर्षं दोरीवरच्या उड्या, बाकावर उड्या असं सगळं करून घेतलं. उडी वाढली दोघांची. गुडघे दुखायला लागले चौघांचे.

अमळनेरची_पीटी | बुधवार, सकाळी ७:१५

सिमेंटवर बाकावरून उड्या? अहो थांबवा ते आजच. तापीला पाणी उतरलं की वाळूत घेऊन जा त्यांना, आठवड्यातून दोनदा, वाळूत पळणं आणि वाळूतच उड्या, संख्या कमी. पायात ताकद येते आणि गुडघा मार खात नाही. आणि उतरायला शिकवा आधी, उडायला नंतर. दोन पायांवर, गुडघे वाकवून, गुडघे आत न पडता. निम्म्या पोरांचे गुडघे उतरताना एकमेकांना चिकटतात, व्हिडिओत दिसतंय.

आणि ॲथलेटिक म्हणजे फक्त उंच उडी असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. दुसरी उडी किती लवकर मारता हे जास्त कामाचं. खाली येऊन लगेच परत वर. छोट्या पोराला हे जमतं, ६-५ वाल्याला नाही जमत, तो एकदा उतरला की त्याला परत वर जायला वेळ लागतो.

केळीवाला_रावेर | बुधवार, दुपारी ३:४५

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. बास्केटबॉल कॉलेजला दोन वर्षं खेळलो तेवढंच. पण हाईट हाईट चाललंय म्हणून सांगतो. आमच्या शेतात कटाईला जी टोळी येते त्यात एक पोरगा आहे, १९-२० वर्षांचा, दरवाजातून वाकून आत येतो. मी त्याला काल शेडच्या भिंतीला उभा करून टेप लावला, ६ फूट ४. हात पसरायला लावले तर टेप कमी पडला. घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत जातो, दिवसभर, पाय घसरत नाही. बॉल आयुष्यात हातात धरलेला नाही. विचारलं खेळशील का, तर म्हणे पैसे देतात का.

जुना_सेंटर | बुधवार, दुपारी ३:५२

नंबर पाठवा त्याचा ताबडतोब!!! मेसेजमध्ये पाठवा, इथे नको.

निंबू_शेव | बुधवार, दुपारी ४:००

काका सात मिनिटांत आले. फास्ट ब्रेक.

शून्य_टर्नओव्हर | बुधवार, संध्याकाळी ६:२०

आणा जरूर. पण सतनाम सिंग लक्षात ठेवा. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २, २०१५ ला डॅलसनी ५२ व्या नंबरवर निवडला, एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय. आपण सगळ्यांनी तेव्हा किती नाचलो. मेन सीझनची एकही मॅच खेळायला मिळाली नाही त्याला. नेमकी त्याच वर्षांत लीग बदलत होती, सेंटरला बाहेर येऊन गार्डच्या मागे पळायला लावत होती. त्याला दोष नाही, अकॅडमीत जे शिकवलं ते त्यानी मनापासून केलं.

आणि २०२० ची लेकर्स-ह्यूस्टन सिरीज. ह्यूस्टननी आपला सेंटर विकून टाकला होता आणि ६-५ चा टकर मध्ये उभा. लेकर्सकडे मॅगी आणि हॉवर्ड दोन मोठे. सगळ्यांना वाटलं लेकर्स चिरडणार. चिरडलंच, ४-१, पण कसं? स्वतःचे मोठे बसवून आणि डेव्हिसला सेंटर करून. काकांच्या भाषेत सांगायचं तर हाईट जिंकली, पण पळणारी हाईट.

अमळनेरची_पीटी | बुधवार, रात्री १०:०५

एक विनंती. तो पोरगा रोजंदारीवर आहे. एक दिवस प्रॅक्टिस म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्याला खांब म्हणून आणणार असाल, हात वर करून उभा राहा आणि हरलो की परत जा शेतात, तर आणू नका. आधी ठरवा त्याच्या येण्या-जाण्याचं आणि खाण्याचं कोण बघणार. बाकीचं मी शिकवते, सुट्टीत येईन.

भुसावळी_गार्ड | बुधवार, रात्री ११:३०

ताई बरोबर. आम्ही जुन्या खेळाडूंनी मिळून ठरवलंय, रविवारी प्रॅक्टिस, त्या दिवशी तशीही कटाई नसते म्हणे. बाकी दोन संध्याकाळी, बसचे पैसे आमचे. जेवण माझ्या घरी. आई म्हणाली वरण-बट्टी केली तर किती खाईल विचार.

धुळेकर_भो | बुधवार, रात्री ११:४१

६ फूट ४ ना पोऱ्या. आईले सांग पीठ मळी ठेव.

भुसावळी_गार्ड | २५ दिवसांनी, रविवार, दुपारी १२:१०

धागा वर काढतोय. अपडेट द्यायचं राहून गेलं.

तो येतोय. तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी ताई अमळनेरहून सकाळच्या गाडीनी आल्या होत्या. पहिला रिबाउंड त्यानी दोन्ही हातांनी असा धरला की पोरं बघतच राहिली, आणि मग सवयीनी बॉल खांद्यावर ठेवला आणि उभा राहिला, आता कुठे नेऊ म्हणून. सगळं ग्राउंड हसलं, तो पण. दुसऱ्या दिवशी आपापसात मॅच खेळवली, सात मिनिटांत पाच फाऊल, बाहेर. हात वरून खाली मारतो. ताई म्हणतात हात वर ठेवून नुसता उभा राहा, तर म्हणतो मग मी काय केलं?

पण एक बघितलं मी. ताईंनी बॉक्स आउट शिकवलं, पाठ लावायची, बूड खाली, पाय रुंद. त्याला एकदाच सांगितलं. नंतर आपल्या दोन पोरांनी मिळून त्याला ढकललं, जागचा हलला नाही. चिखलात घड घेऊन उभं राहायची सवय. आणि गंमत म्हणजे तो स्वतः बॉल घेतच नाही, तो फक्त समोरच्याला मागे धरून ठेवतो, बॉल खाली पडतो आणि ८ नंबरवाला येऊन उचलतो आणि पळत सुटतो. गेल्या रविवारी पुतणीच्या वहीत सगळ्यात जास्त रेघा ८ नंबरच्या होत्या. ५ फूट ८.

काका, तुमचं पण बरोबर निघालं आणि ताईंचं पण, आता भांडू नका. थ्री मात्र अजून त्या एकालाच येतो. रोज शंभर मारतायत सगळे, सकाळी हवा सुटायच्या आत. फ्री थ्रो दमल्यावर मारायला लावतो, चुकला की सगळ्यांनी एक चक्कर, ८ नंबरवाल्यामुळे बाकीच्यांचे पाय चांगले झालेत.

अडचण वेगळीच आहे. पोरगा अनवाणी खेळतो. सिमेंटवर. मी आणि पुतणी जळगावला जाऊन चार दुकानं फिरलो, १० नंबरच्या वर काही नाही. त्याला लागतो १२. ऑनलाइन जे दिसतात ते आमच्या बजेटच्या बाहेर. कोणाकडे जुने असतील तर सांगा, बास्केटबॉलचेच पाहिजेत असं नाही.

शून्य_टर्नओव्हर | रविवार, दुपारी १२:४०

पुण्यात बघतो. इथे एक-दोन दुकानं आहेत मोठ्या साईजची. एक आठवडा दे.

निंबू_शेव | रविवार, दुपारी १:०५

मेव्हण्याचे १२ आहेत पण तो देणार नाही. लग्नात पळवायला हवे होते.

जुना_सेंटर | रविवार, दुपारी २:२०

माझे आहेत माळ्यावर. ११ नंबर, शेवटचे घेतले होते ते, चार मॅच खेळलो असेन, मग पाठ गेली. तळ कडक झाला असेल, तो चांभाराकडून बदलून घेऊ. मोजे न घालता बसतात का बघा त्याला. बुधवारी प्रॅक्टिसला आणून देतो, मला पण बघायचंच आहे तो कसा उभा राहतो ते.

भुसावळी_गार्ड | रविवार, दुपारी २:२६

आणा काका. नाही बसले तर पुढून कापू.